पाव्हण्याचा एक बूट

सलीमभाईचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका शेतकऱ्याशी पपईच्या फवारणीवरून हुज्जत घालत होतो. शहाद्यातलं माझं दुकान बी-बियाणं आणि औषधांचं. भरदुपारी तिथं येणारं गिऱ्हाईक औषध कमी आणि वाद जास्त घेऊन जातं. सलीमभाई मूळचा नंदुरबारचा, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देणारा कारागीर. गेली बरीच वर्षं तो ओमान देशात सलाला नावाच्या गावी माझा बालमित्र भटू याच्याबरोबर एकाच केळीच्या बागेत नोकरीला होता. त्याचा फोन म्हणजे आधी थट्टा, मग ख्यालीखुशाली, मग पुन्हा थट्टा. त्या दिवशी तो म्हणाला, "यशवंतभाऊ, बठी जा पहिले. बठना का?" मी उभाच होतो. "भटूभाऊ गया, भाऊ…" कुठं गेला, असं मी विचारलं. खरंच विचारलं. हा माणूस आयुष्यभर कुठं ना कुठं जातच होता, त्यामुळे 'गेला' या शब्दाचा आणखी काही अर्थ असेल हे डोक्यात शिरायलाच वेळ लागला. दुपारच्या जेवणानंतर तो केळीच्या बांधाला टेकून बसला होता म्हणे. डुलकी लागली असेल म्हणून कुणी उठवलं नाही. सलीमभाईनं हाक मारली, मग खांद्याला हात लावला… पन्नाशीही गाठली नव्हती भटूनं. मग सलीमभाईनं जे विचारलं त्याचाच मला सगळ्यात धसका बसला. "आप्पास्ले कोन सांगी?"

आप्पा म्हणजे भटूचे वडील. पंचाहत्तरी उलटलेला, काटक, आणि जिल्ह्यात तोड नाही असा हट्टी माणूस. या आप्पांचा सलालाला जायचा व्हिसा नुकताच आला होता. तिकीट आखाजीनंतरचं, म्हणजे अक्षय तृतीयेनंतरचं होतं. लेकाच्या घरी ते पहिल्यांदाच पाहुणे म्हणून जाणार होते, आणि त्या एका गोष्टीसाठी भटूनं अर्धं आयुष्य वाट पाहिली होती.

भटू आणि मी प्रकाशा गावचे. तापीच्या काठावर भटूच्या घरची केळी, पपई, थोडी मिरची, आणि पाणी कमी पडलं असं म्हणायची कधी वेळ नाही. भटू शेतकी शिकला, पहिल्या वर्गात पास झाला, आणि गावाला वाटलं आता आप्पांची बाग सोन्याची होणार. पण बापलेकाचं एका बांधावर जमेना. ठिबकची नळी कुठून न्यायची यावरूनसुद्धा आठवडा आठवडा अबोला. शेवटी भटूनं सलालाची नोकरी धरली. तिकडेही केळीच. समुद्राच्या कडेला केळी, पपई, नारळ, आणि हा त्या बागेवरचा साहेब. निघायच्या दिवशी आप्पा ओट्यावर बसून जे बोलले ते अर्ध्या गल्लीनं ऐकलं. "घरनी केळी सोडीसन लोकेस्न्या केळीस्ले पानी पाजाले चालना! जाय. पन तुन्हा तठला घरनं पानी मी पेवाव नही." आमच्याकडे माणूस रागात पुष्कळ बोलतो आणि आखाजी-दिवाळीला गिळूनही टाकतो. आप्पांनी गिळलं नाही; लेकाच्या तिथल्या घरचं पाणी पिणार नाही म्हणजे नाही. भटूची आई त्याच्या कॉलेजच्या वर्षांतच गेली होती, मधे पडणारं कुणी उरलं नव्हतं. बहीण वत्सला खापर गावी दिलेली, ती आपल्या संसारात. भटूचं लग्न जमलं नाही, मग त्यानं जमवलं नाही. आणि बापलेक एकमेकांशी माझ्यामार्फत बोलू लागले. "त्याले सांग, सातबारा उतारा काढना शे." "आप्पांना विचार, गुडघा कसाय." मी म्हणजे दोघांच्या मधला टपाल्या, आणि दोघांच्याही शिव्या खाणारा.

आता भटूच्या आईची एक रीत सांगायला हवी. तिच्या घरी आलेला पाहुणा ठरल्या दिवशी कधी निघू शकला नाही. निघायच्या सकाळी त्याची एक चप्पल गायब व्हायची. दोन्ही नाही, एकच. परसात गोवऱ्या रचून केलेला हुडवा होता, बहुतेक वेळा त्याच्या पोटात ती सापडायची. सापडली तर पाहुणा सुटला, नाही सापडली तर यष्टी चुकली, आणि माऊली पुन्हा वांगी भाजायला बसायची. तशी पाहुण्याची पिशवी लपवणारी घरं आमच्याकडे पुष्कळ, पण एक चप्पल लपवणं ही तिची खासियत. लहानपणी लपवायचं काम अर्थातच भटूकडे असायचं. घरच्या माणसाच्या चपलेला मात्र कधी हात लावायचा नाही, हा नियम.

हीच रीत हा पठ्ठ्या परदेशात घेऊन गेला. सलालाला बागेच्या कडेला त्याला दोन खोल्यांचं घर होतं, आणि ते घर त्यानं धर्मशाळेसारखं चालवलं. मी आणि माझी बायको तिथं राहून आलो. नंदुरबारचा एक डॉक्टर त्याच्या सासूसकट राहून आला. कुणाच्या मेव्हण्याचा मित्र, ज्याचं नावही भटूला ठाऊक नव्हतं, तोसुद्धा आठ दिवस शेवभाजी हाणून आला. "खान्देशना शे ना? मंग येऊ दे," एवढीच त्याची चौकशी. विमानतळावर स्वतः हजर. पाहुण्यानं आणायचं काय, तर कळण्याचं पीठ आणि आपल्याकडची सुकी मिरची. ज्वारी-उडदाची ती भाकरी स्वतः थापून तो पाहुण्याच्या ताटात टाकायचा आणि पाहुणा जेवेपर्यंत उभा राहायचा. बस म्हटलं तरी बसायचा नाही. आईही बसत नसे.

पावसाळ्यात तिथले डोंगर हिरवे होतात, धुकं उतरतं, आणि अख्ख्या अरबस्तानातून माणसं ते बघायला येतात. भटू प्रत्येक पाहुण्याला त्या डोंगरावर न्यायचा. वळणावळणाचा चढ संपला की गाडी थांबवून म्हणायचा, "दख. तोरणमाळ शे का नही?" मी वैतागून म्हटलं, "अरे, एवढं विमानाचं भाडं भरून मी तोरणमाळ बघायला आलो का? ते आपल्याला मोटारसायकलवर दिसतं." तो हसला नाही. बराच वेळ त्या धुक्याकडे बघत राहिला. परदेश दाखवायला नेलेल्या माणसाला हा गडी आपलंच गाव दाखवत होता, हे मला तिथं उभं राहून कळलं आणि मग मी थट्टा आवरली. उतरताना त्यानं रस्त्याकडेच्या टपरीवर पपई कापून घेतली, एक फोड खाल्ली आणि म्हणाला, आप्पांच्या पपईला याच्यापेक्षा गोडी आहे.

आम्ही निघायच्या सकाळी माझा एक बूट नव्हता! मी अक्षरशः बोंब मारली. विमान म्हणजे काय शहाद्याची यष्टी आहे, ही गेली तर मागून दुसरी? भटू दाराला टेकून निवांत उभा. शेवटी माझ्या बायकोनं तो तांदळाच्या पिंपातून काढला. गाडीत सगळे हसत होतो, भटूही हसत होता, पण विमानतळाच्या काचेपलीकडे गेल्यावर मी वळून पाहिलं तर तो तिथंच उभा होता, हात खाली सोडून… पाहुणे गेल्यावर त्याचं काय होतं ते सलीमभाईनं मला खूप नंतर सांगितलं. "पाव्हना गया का भटूभाऊ दोन-तीन दिन सैपाकच करे नही. खजूर खाये नी पडी ऱ्हाये." आम्ही इकडे येऊन लोकांना सांगत होतो की भटूची काय चैन आहे!

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला. ती त्याची शेवटची सुट्टी. बाप ओट्यावर, लेक माडीवर, आणि मी नेहमीप्रमाणे जिन्यात. महिना तसाच सरला. निघायच्या सकाळी दारात गाडी लागली, मी बॅगा ठेवल्या, आणि भटू खाली येऊन पाहतो तर त्याचा एकच बूट. वत्सला आली होती निरोपाला, ती म्हणाली मी नाही. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं, मी शपथ घेतली. आप्पा ओट्यावर मिरचीची देठं खुडत बसलेले, मान खाली. भटू त्यांच्याकडे बघत उभा राहिला. मग आप्पाच बोलले, मान वर न करता, आणि कितीतरी वर्षांनी थेट लेकाशी बोलले. "नही सापडना तं ऱ्हाई जा."

गाडीवाला हॉर्न वाजवत होता. नोकरीचा करार होता, तिकीट होतं, दुसऱ्याच्या बागेत घड लागलेले होते. भटूनं राहिलेला एक बूट वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत घातला, पायात जुनी स्लीपर अडकवली, आणि बापाच्या पाया पडून म्हणाला, "जोडी पुरी कराले ईसू, आप्पा." नंदुरबार स्टेशनापर्यंत मीच त्याला सोडायला गेलो. निम्म्या वाटेपर्यंत तो लहान पोरासारखा खुशीत होता. "आप्पानी दपाडा रे! आप्पानी मन्हा बूट दपाडा!" बापानं आपला बूट लपवला म्हणून मांडीवर थापा मारत होता. मग रेल्वेचं फाटक लागलं, गाडी थांबली, आणि तो हळूहळू विझत गेला. म्हणाला, "यश्या… घरना मानूसना बूट कोनी दपाडस का रे? पाव्हनानाच दपाडतस." फाटक उघडलं आणि आम्ही पुढे निघालो.

पण त्या बुटानं एक गोष्ट केली. दोघं फोनवर बोलू लागले. आधी केळीवरच्या रोगाबद्दल, मग गुडघ्याबद्दल. आणि एका रविवारी भटूनं विचारलं, येता का? आप्पा म्हणाले, "आखाजी व्हवू दे. मंग दखसूत." या माणसाच्या तोंडून 'बघू' म्हणजे होकार, हे सांगायला मी होतोच. भटू वेडा व्हायचा बाकी होता. जुन्या लाकडाची खाट जोडून घेतली, सलीमभाईकडून सुतळीनं विणवून घेतली, आप्पांना उठायला त्रास नको म्हणून पाय कापून बुटकी केली. आमच्या ओळखीच्या एकाबरोबर पितळी तांब्या मागवला. माठ शोधून आणला आणि मुरावा म्हणून भरून ठेवला. मला रोज फोन. आप्पांना उशी मऊ लागते का कडक? मी म्हणायचो, अरे, ते डोक्याखाली हात घेऊन झोपतात, गप्प बस.

…आणि मग तो केळीच्या बांधाला टेकून बसला.

मोटारसायकलवरून प्रकाशाला जाताना मी पंचवीस वाक्यं जुळवली आणि मोडली. आप्पांनी मला अवेळी आलेलं पाहिलं आणि विचारलं, "काय रे, तिकीट बदलनं का?" मी त्यांच्या पायाशी बसलो. काय बोललो ते आठवत नाही. ते रडले नाहीत. पुष्कळ वेळ अंगणातल्या कोंबड्या बघत राहिले. वत्सला खापरहून आली, तिचा आक्रोश ऐकवत नव्हता, तोही त्यांनी ऐकून घेतला. तिकडचे लोक कागदपत्रं करून आठवड्याभरात त्याला इकडे पाठवतील, तुम्ही जायची गरज नाही, असं मी समजावू लागलो. तेव्हा ते म्हणाले, "मन्हा पोऱ्याले मी लेवाले जासू. व्हिसा शेच ना." ज्या कागदावर पाहुणा म्हणून जायचं, त्याच कागदावर बाप लेकाला आणायला निघाला. मी घाईनं माझा व्हिसा काढला आणि बरोबर गेलो.

सलालाच्या विमानतळावर सलीमभाई उभा होता, जिथं भटू उभा राहायचा तिथंच. घराच्या दारात चपला ठेवायची फळी होती, आणि तिच्यावर एक बूट. एकच. पॉलिश केलेला. आप्पा त्याच्यासमोर थांबले, त्यांनी आपली कापडी पिशवी उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला दुसरा बूट बाहेर काढला. प्रकाशाहून त्यांनी काय काय घेतलंय ते मला माहीत नव्हतं. विमानतळावर सामान तपासताना मी पुढे होतो. त्यांनी तो बूट पहिल्याशेजारी ठेवला, धोतराच्या सोग्यानं पुसला. वर्षभर हुडव्याच्या पोटात राहिल्यामुळे त्याला गोवरीचा भुसा लागला होता.

आत ती खोली. बुटकी खाट, उशी, कोपऱ्यात माठ, त्यावर झाकणी, झाकणीवर तांब्या. खिडकीतून केळी दिसत होती. सलीमभाईनं फ्रिजमधली बाटली आणली. आप्पांनी हातानंच नको म्हटलं. मला वाटलं, इथंही हा माणूस आपलंच खरं करणार, आणि खोटं कशाला सांगू, मला त्यांचा संताप आला. पण ते माठापाशी गेले, तांब्या बुडवला, आणि उभ्यानं सगळा तांब्या घशाखाली उतरवला. गळ्यावरून पाणी सदऱ्यात ओघळलं. मग तांब्या जागेवर ठेवून म्हणाले, "पानी गोड शे रे." त्यानंतर ते खाटेवर बसले आणि मोठ्यानं रडले. बागेतली माणसं दारात जमली, कुणाला काय करावं कळेना. मी बाहेर जाऊन केळीत उभा राहिलो.

शवपेटी मिळायला आणि आमच्याच विमानात तिची सोय व्हायला एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी निघताना सलीमभाईनं आणि मी सामान गाडीत ठेवलं, हाका मारल्या, तरी आप्पा दारातच उभे. फळीकडे बघत होते. सलीमभाईनं जवळ जाऊन विचारलं, "काय दखतस, आप्पा?"

"दोन्ही शेतस."

"काय?"

"मन्ह्या चपला. कोनीच दपाडी नही…"

सलीमभाईचे कितीतरी बूट त्या घरात हरवले होते. इतके दिवस धीरानं सगळं निभावलेला तो माणूस तिथंच उंबऱ्यावर बसला. शेवटी आप्पांनीच त्याला हात देऊन उठवलं, चपला घातल्या, आणि भटूची जोडी काखेत धरून गाडीत बसले.

विमानात ते पाय वर घेऊन बसले. मांडी घालून, छातीशी ती जोडी धरून. हवाई सुंदरी दोनदा सांगून गेली, पाय खाली घ्या, पट्टा नीट बांधा. मला वाटलं थंडी वाजत असेल, म्हणून मी पांघरूण मागवलं. मग मीही सांगितलं, आप्पा, पाय खाली सोडा, गुडघा धरेल. ते माझ्या कानाशी येऊन हळू म्हणाले, "पोऱ्या खाले शे ना. त्यानावर पाय कसा ठेवू?" मुंबई येईपर्यंत मीसुद्धा टाचा उचलूनच बसलो होतो.

तापीच्या काठावर सगळं झालं. दहावं-तेरावं झालं. पाहुणे आले आणि ठरल्या वेळी गेले, कुणाच्या चपला हरवल्या नाहीत. ती जोडी आप्पांनी ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवली, टोकं घराकडे करून, आत आलेला माणूस काढून ठेवतो तशी. पुढे आखाजी आली. आमच्याकडे आखाजीला गेलेली माणसं जेवायला घरी येतात. त्यांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचा घास चुलीतल्या निखाऱ्यावर वाहायचा. ती येतात, जेवतात आणि परत जातात. आप्पा दरसाल बायकोची घागर भरत. यंदा तिच्या शेजारी लेकाची भरली. भरताना निम्मं पाणी खाली गेलं. वत्सला म्हणाली मी भरते, तर त्यांनी ऐकलं नाही. मी जेवायला थांबलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहज डोकावलो, तर कोनाड्यात एकच बूट. गल्लीतल्या कुत्र्यानं ओढून नेला असणार, म्हणून मी तसाच वळलो आणि परसाकडे धावलो. आप्पांनी ओट्यावरून हाक मारली. मिरचीची देठं खुडत बसले होते, मान खाली.

"शोधू नको, यशवंत."

मी थांबलो.

"काल आखाजीले उना ना तो घर… आते जावाले नको."